व्याह्यांची जीप

ओंदासिनच्या अंगणात सावली अशी नव्हतीच. गॅरेज तर लांबची गोष्ट. एका वर्षी त्याने चार खांब रोवून वर ताडपत्री ताणली होती. आटलेल्या अरल समुद्राकडून आलेल्या वाऱ्याने ती तिसऱ्याच दिवशी उचलली आणि रुळांपलीकडे नेऊन एका उंटिणीच्या अंगावर टाकली. उंटीण आठवडाभर दूध देईना आणि तिची मालकीण महिनाभर शिव्या थांबवेना. मग त्याने तीन झाडं लावली, ती पंपाच्या खाऱ्या पाण्याने गेली. शेवटी त्याने घराचीच सावली कामाला लावली. सकाळी ती पश्चिमेला पडायची, मागच्या अंगणात, नऊपर्यंत टिकायची. चारनंतर ती पूर्वेला यायची, थेट रस्त्यावर. म्हणून धुवायला आलेली गाडी सकाळी घराच्या मागे आणि संध्याकाळी घराच्या पुढे. लोक हसायचे. म्हणायचे, ओंदासिनला घर फिरवता येत नाही म्हणून बिचारा गाडी फिरवतो.

हसणारेही गाडी मात्र त्याच्याकडेच आणायचे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लावलं तर ते सिमेंटसारखं धरतं, मग खरवडून काढायची वेळ येते, हे वस्तीत त्याच्याशिवाय कुणाला धड कळत नव्हतं. पंपाचं पाणी गाडीवर वाळलं तर मिठाचे पांढरे ठिपके पडतात आणि ऊन ते ठिपके रंगात शिजवून टाकतं, हेही त्यालाच ठाऊक. म्हणून हिवाळ्यात तो तळघरातले पिंप बर्फाने भरून ठेवायचा. ते वितळलेलं पाणी वर्षभर फक्त शेवटच्या धुण्याला. बायको होती तेव्हा म्हणायची, मला चहाला गढूळ पाणी आणि परक्यांच्या गाड्यांना बर्फाचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी झानिल सासरी होती. आता घरात तो आणि त्याची पिंपं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, पेर्नेबाय मेला. रेल्वेच्या फाटकावर तीस वर्षं झेंडा दाखवलेला म्हातारा, निवृत्त झाल्यापासून कालव्यावर जाळं टाकायचा. मासे घेऊन सायकलवरून परत येत होता, वावटळीने दिवस मावळायच्या आधीच अंधारलं होतं, आणि कुणीतरी त्याला मागून उडवून तसंच पुढे निघून गेलं. सकाळी मेंढपाळाला तो खड्ड्यात सापडला. पोलीस म्हणाले, ट्रक असणार, त्या रस्त्यावरून दिवसाला दोनशे ट्रक जातात, कुठला म्हणून शोधायचा?

शनिवारी त्याला पुरलं. रविवारी त्याची बायको ओरिन्शा ओंदासिनच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. डोक्याला पांढरा रुमाल, पायात नवऱ्याचेच बूट.

"आत या, वहिनी. चहा टाकतो."

"चहा नको, भाऊ. एवढंच सांगायला आले. गावातली प्रत्येक गाडी आज ना उद्या तुमच्या हाताखालून जाते. ट्रक होता म्हणतात, असेलही. पण कुठे काही दिसलं तर मला सांगा."

"सांगेन."

"मला कुणाला तुरुंगात घालायचं नाही. तुरुंगात घालून हा काय उठून बसणार आहे? पण आपली रीत आहे. चार जाणत्यांना घेऊन दारात यावं, मान खाली घालून म्हणावं की माझ्या हातून झालं. मी त्याला चहा देईन, भाऊ. देवाशपथ देईन. पण दारात तर यायला हवं ना त्याने."

ओंदासिनने छातीवर हात ठेवला. "डोळ्यांना दिसलं तर तुमच्यापासून लपवणार नाही."

त्याने ते मनापासून म्हटलं होतं. रविवारी असं म्हणायला काहीच मोल पडत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी व्याही आले. शारिपबाय म्हणजे शाळेचे जुने मुख्याध्यापक. वस्तीतला प्रत्येक दुसरा माणूस, ठाण्यातला हवालदारसुद्धा, त्यांच्या हातचा मार खाऊन मोठा झालेला. काळी जीप त्यांनी अंगणात घेतली, खाली उतरले आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

"काय व्याही, जिवंत आहात का? दारात कुत्रंही भुंकलं नाही, म्हटलं गेलात की काय."

"कुत्रं ओळखतं तुम्हाला. मास्तर आले की तेही गप्प बसतं."

"त्याला माझ्या वर्गात घालायला हवं होतं. तुमच्यापेक्षा हुशार निघालं असतं." शारिपबाय हसले, पण हसणं लवकर आटोपलं. "जीप जरा बघा. गेल्या आठवड्यात उंट आडवा आला. उंटाला ना ब्रेक, ना अक्कल. दिवा फुटला होता, तो मी नवा आणून बसवला. बाकी ओरखडे आहेत, ते काढून टाका. बुधवारी पेर्नेबायचं सातव्या दिवसाचं जेवण आहे, अशा गाडीने जाणं बरं दिसत नाही."

"करतो की."

"खरं तर मी शहरातच नेणार होतो. सूनबाईच मागे लागली. म्हणाली, शहरात कशाला, माझे बाबा करतील. चार दिवस एकच धोशा." त्यांनी ओंदासिनच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलगी चांगली वाढवलीत, व्याही."

ओंदासिनला ते ऐकून बरं वाटलं. का वाटू नये? तीन वर्षांपूर्वी हीच मुलगी पिशवी घेऊन परत आली होती. नवरा प्यायचा, हात उचलायचा. बापाने तिला चार दिवस ठेवून घेतलं आणि पाचव्या दिवशी बापच म्हणाला, सोसायचं असतं, घरातलं तोंडावाटे बाहेर काढायचं नसतं. पण ती निघण्याआधी शारिपबायच दारात आले होते. एवढा मोठा माणूस, शेजारपाजारच्या देखत उंबऱ्याशी खाली बसला आणि म्हणाला, माझा मुलगा चुकला, माझी मान खाली आहे, मुलगी माघारी द्या. त्यांनी मुलाची दारू सोडवली, त्याला तेलाच्या विहिरींवर कामाला लावलं. तो आता पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस घरी असायचा. झानिलच्या चेहऱ्यावर मांस आलं होतं. हे उपकार ओंदासिन विसरणारा नव्हता.

मंगळवारी तो पहाटे उठला. उजाडायच्या आत त्याने जीप दोनदा धुतली, दोन बादल्यांनी, एक साबणाची आणि एक कापड खंगाळायची. मीठ-धुळीवर कोरडं कापड फिरवायचं नाही, ते काचेच्या कागदासारखे चरे पाडतं. सूर्य वर आला तशी घराची सावली अंगणात लांबलचक पसरली. मग तो समोर उभा राहिला आणि पाहायला लागला. गाडी आधी डोळ्यांनी धुवायची, असं तो म्हणत असे.

उजवा दिवा नवा, पाण्यासारखा स्वच्छ. डावा म्हाताऱ्याच्या नखासारखा पिवळा. उजव्या कोपऱ्यात बंपर दाबला गेला होता, वर तीन-चार आडवे ओरखडे. बॉनेट मात्र सरळ, काच धड. ओंदासिनच्या मनात पाल चुकचुकली. त्याने उंटाला ठोकलेल्या गाड्या पाहिल्या होत्या, दरवर्षी दोन-तीन यायच्याच. उंट म्हणजे चार काठ्यांवर ठेवलेलं ओझं. काठ्या मोडतात आणि ओझं काचेतून मांडीवर येतं. ही जीप गुडघ्यापासून मांडीपर्यंतच लागली होती.

तरी त्याने हात थांबवला नाही. मातीची वडी ओली केली आणि कोपऱ्यावर घासायला लागला. रंगात रुतलेलं सगळं ही वडी ओढून घेते. चार वेळा फिरवली आणि उलटून पाहिली तर हिरवी. रेल्वे फाटकाचा हिरवा. रेल्वेचा उरलेला रंग वस्तीत घरोघर पोचलेला होता, अर्ध्या कुंपणांना तोच, आणि पेर्नेबायच्या सायकललाही तोच.

"कुंपणाला लागली असेल," ओंदासिन मोठ्याने म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

मग त्याने नव्या दिव्याच्या कडेची फट साफ करायला काडीला कापड गुंडाळलं. फटीतून एक तपकिरी केस आला. उंटाचाच रंग. ओंदासिनचा जीव भांड्यात पडला. व्याही खोटं कशाला बोलतील, असं म्हणत त्याने तो केस चिमटीत धरून चोळला. केसाला पीळ होता. दोन पदर, उजवीकडे वळलेले. उंटाच्या अंगावर कातलेली लोकर उगवत नाही. पेर्नेबाय मे महिन्यातही उंटाच्या लोकरीची बंडी घालायचा, कंबर धरते म्हणून. ओरिन्शाने विणलेली, सगळ्या वस्तीने पाहिलेली.

तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

शनिवारी दफन झालं तेव्हा शारिपबाय त्याच्याच बाजूला उभे होते. इमामाने रीतीप्रमाणे विचारलं, हा माणूस कसा होता, आणि सगळ्यांबरोबर शारिपबायही म्हणाले, चांगला माणूस होता. मोठ्या, खणखणीत आवाजात. मग वाकून मूठभर माती टाकली. ओंदासिनला आता ती मूठ आठवली.

काय करायचं ते त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. व्याह्यांकडे चालत जायचं, दार लावून घ्यायचं आणि म्हणायचं, चला, मी बरोबर येतो, ओरिन्शाच्या दारात जाऊ. व्याही बरोबरीचा असतो. त्याने विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. तो उठला, हात पुसले, फाटकापर्यंत गेलासुद्धा. फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि त्याला पिशवी घेऊन उभी असलेली झानिल दिसली. व्याह्यांची अशी शोभा केल्यावर त्या घरात तिला कोण नीट वागवेल? नवरा पुन्हा प्यायला लागला तर या वेळी कोण उंबऱ्याशी येऊन बसेल? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि पेर्नेबाय तर गेलाच होता. मेलेल्याला एक दिवस उशीर काय आणि एक वर्ष काय.

असं तो स्वतःला सांगत होता तोवर सावली बॉनेटच्या निम्म्यावर आली. आणखी तासाभराने पत्रा तापला असता आणि मग पॉलिशला हात लावता आला नसता. ओंदासिन परत फिरला. त्याने धागा मातीच्या वडीत दाबला, वडी दुमडली, पुन्हा दुमडली, हिरवं आणि तपकिरी आत गेलं. वडी संडासाच्या खड्ड्यात टाकली आणि पॉलिशचं मशीन हातात घेतलं.

हात मात्र शिकलेले होते, ते मनाची वाट बघत बसले नाहीत. वीतभर जागा घ्यायची, ओरखड्यावर पेस्ट, मशीन हळू, पत्रा कोमट लागला की थांबायचं, ओलं कापड, पुन्हा. दाबलेला बंपर त्याने गरम पाण्याने मऊ करून आतून ढकलला, तो पट्कन जागेवर आला. दुपारी ऊन डोक्यावर असताना तो घरात पडून राहिला, पण झोप आली नाही. चारनंतर जीप रस्त्यावर, घराच्या पुढच्या सावलीत घेतली आणि मेण लावायला लागला. येणारे-जाणारे थांबत होते. म्हणत होते, ओंदासिन, यात बघून दाढी करता येईल. तो मान हलवत होता.

शेवटी तो लांब जाऊन उभा राहिला. मावळतीकडचं ऊन जीपच्या तोंडापर्यंत येत नव्हतं, तरी एक गोष्ट उघडी दिसत होती. एक दिवा नवा आणि एक जुना. कुणीही विचारलं असतं, उजवाच का बदलला? शारिपबायनी त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. ओंदासिनने बारीक काचेचा कागद घेतला, डावा दिवा पाण्याखाली तासभर घासला, मग पॉलिश केला. दोन्ही दिवे सारखे झाले, कुणाला ओळखता आले नसते. हे मात्र त्याने कुणी न सांगता केलं, आणि ते करताना त्याला लाज वाटली नाही. काम चांगलं झालं म्हणून बरंच वाटलं.

बुधवारी दहाच्या सुमाराला शारिपबाय आले, पाठोपाठ झानिल, हातात पिठाची पिशवी. सातव्या दिवसाच्या पोळ्या तळायला शेजारच्या सुना जमतात, तशी तीही निघाली होती.

शारिपबायनी जीपभोवती एक फेरी मारली. उजव्या कोपऱ्याशी त्यांचं पाऊल किंचित अडखळलं. मग ते ओंदासिनकडे न बघता म्हणाले, "हाताला यश आहे हो तुमच्या. घसा कोरडा पडलाय, चहा आहे का?" आणि स्वतःच आत गेले.

झानिल तिथेच थांबली. तिने पिठाची पिशवी खाली ठेवली, उजव्या दिव्याखाली बोटं फिरवली, मग वाकून खालून पाहिलं.

"बाबा, इथे हिरवं होतं."

ओंदासिन हातातल्या कापडाची घडी घालायला लागला.

"होतं ना?"

"तुला काय माहीत?"

"मी मागे बसले होते." ती हळू बोलत होती, दाराकडे नजर ठेवून. "जेवणाहून येत होतो. वावटळ होती, त्यांना दिसलं नाही, त्याचा दोष मी देत नाही. पण धक्का बसला तेव्हा मी म्हटलं, थांबा. ते म्हणाले, उंट होता. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, उंटच होता. मी मागच्या काचेतून बघत होते, बाबा. त्याने हात वर केला होता."

"जिवंत होता?"

"उंट हात वर करतो का?"

आतून कपबशीचा आवाज आला. ओंदासिनने जीपच्या पत्र्याला हात टेकला.

"मला सांगायचंस की, पोरी."

"कसं? एकटीला बाहेर सोडत नाहीत, फोनवर सासूबाई शेजारी बसतात. आणि सुनेने सासऱ्यांचं असं बोलायचं? तुम्हीच सांगून पाठवलं होतंत ना, घरातलं तोंडावाटे काढायचं नाही. नाही काढलं. गाडी पाठवली. चार दिवस त्यांच्या मागे लागले, शहरात नको, बाबांकडे न्या. म्हटलं, बाबांच्या नजरेतून केस सुटत नाही. तुम्ही व्याही आहात. तुम्ही विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असतं, रात्र रात्र ओसरीवर बसतात ते." तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. "रंग, काच, काही ठेवलंत का? काहीतरी?"

"खड्ड्यात टाकलं."

"सगळं?"

"सगळं. मी तुझ्यासाठी केलं, झानिल."

"माझ्यासाठी मी गाडी पाठवली होती, बाबा."

शारिपबाय मिशा पुसत बाहेर आले. "चला, व्याही, बसा पुढे. उशीर झाला तर लोक म्हणतील मास्तरच उशिरा आला." त्यांचे डोळे खोल गेलेले होते आणि ते आज पहिल्यांदाच ओंदासिनला दिसले. बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं. जीभ होती, माणूस समोर होता. पण ज्या हातांनी सगळं पुसलं तेच हात पुढे करून काय सांगायचं, ते त्याला सुचेना. तो पुढच्या सीटवर बसला. झानिल मागे बसली.

पेर्नेबायच्या दारात कढई चढली होती, तेलाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. ओरिन्शा बाहेर आली. आठवडाभर ती दारात आलेल्या प्रत्येक गाडीभोवती फिरत होती, तशी या गाडीभोवतीही फिरली. वाकून एक दिवा पाहिला, मग दुसरा. शारिपबाय छातीवर हात ठेवून उभे होते. झानिल पिठाची पिशवी पोटाशी धरून उभी होती.

"तुमच्या हातची दिसते, भाऊ," ओरिन्शा म्हणाली. "हात दुखू नयेत तुमचे."

मग ती जवळ आली आणि आवाज खाली आणून विचारलं, "काही दिसलं का?"

झानिल बापाकडे बघत होती. ओंदासिनला ते बघायची गरज नव्हती, मानेवर जाणवत होतं.

"नाही, वहिनी."

ओरिन्शाने मान हलवली. तिचा चेहरा जरा सैल झाला. "तुम्हाला दिसलं नाही म्हणजे आपल्या गावातलं कुणी नाही. बरं झालं. आठवडाभर मी आपल्याच माणसांच्या तोंडाकडे संशयाने बघत होते, भाऊ. पाप लागलं असतं मला." तिने मोठा श्वास घेतला, शारिपबायनाही वाकून आत यायला सांगितलं, आणि झानिलचा दंड धरला. "ये गं, सूनबाई, पीठ मळायला हात कमी पडतायत."

झानिल तिच्याबरोबर चुलीकडे गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ओंदासिन आत गेला. दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या गादीवर त्याच्यासाठी जागा ठेवलेली होती. तो व्याह्यांच्या शेजारी जाऊन बसला.